झारची नवरी आणि आमची अक्का

आमच्या घरातला स्टोव्ह असा काही घरघरायचा की रशियाच्या राण्यांची गोष्ट अक्काला ओरडून सांगावी लागायची. पैठण गेटच्या आतल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दादांची खाट, माझी पुस्तकं आणि देवगाव रंगारीहून आलेली ज्वारीची पोती. मागच्या खोलीत बाकीचं सगळं जग. दादा, म्हणजे आमचे वडील, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. ते सायकलवरून परतायच्या आत भाकऱ्या झालेल्या असाव्यात म्हणून उन्हं कलली की परात बाहेर यायची. अक्का भाकरी थापायची, आई येसराची आमटी ढवळायची, आत्या लसूण सोलायची आणि मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायचो. परातीवर हाताची थाप, स्टोव्हची घरघर आणि त्या दोन्हींच्या वर अक्काचा आवाज, "तर मग त्या राणीला डॉक्टरनं बघायचं कसं? खिडक्या बंद केल्या! तिच्या मनगटावर मलमलीचं फडकं टाकलं! आन् त्या फडक्यावरून नाडी!" आवाज एवढा मोठा, की समोरच्या दारातून शेजारच्या खाला विचारायच्या, "सुमन बेटी, आज रानी का क्या हुआ?" खालांच्या घरात हिमरूचं रेशमी-सुती कापड विणायचा माग होता. अक्काची गोष्ट रंगात आली की तो थांबायचा आणि राणीचं बरंवाईट काय ते कळलं की पुन्हा खटखट सुरू व्हायची. आता माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात गॅस इतका मुकाट जळतो की कुणाला काही ओरडून सांगावंच लागत नाही, आणि कुणी सांगतही नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती इतिहास घेऊन बी. ए. करत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात तिला जुन्या रशियाच्या राजघराण्यावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं आणि त्यातला रोजचा वाचलेला भाग ती रोज भाकरीबरोबर आम्हाला वाढायची. तिथल्या झारच्या बायका, बहिणी, मुली वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, त्याला म्हणे तेरेम म्हणतात. तिथं परक्या पुरुषाची सावलीसुद्धा पडायची नाही. देवळात जायचं तर पडदे सोडलेल्या गाडीतून. दरबारात परदेशी वकील आला तर राणीनं त्याला जाळीआडून बघायचं, त्यानं तिला बघायचं नाही. झारच्या मुलींची तर त्याहून कठीण गत. आपल्या मुलुखातल्या सरदाराला द्यावी तर तो हलका पडतो, आणि बाहेरच्या राजाला द्यावी तर त्याचा धर्म वेगळा, म्हणून त्या बिचाऱ्या जन्मभर वरच्या मजल्यावर बसून जरीकाम करायच्या. आणि राणीला मूल झालं नाही, तर तिचे केस कापून तिला जोगिणींच्या मठात धाडायचे आणि झार दुसरी करायला मोकळा.

"मंग त्यात रशियाचं काय?" आत्या म्हणायची. ती दादांची विधवा बहीण. जगातली कुठलीच गोष्ट तिला नवी वाटायची नाही. "आमच्या देवगावच्या पाटलानं तीन केल्या. फकस्त बर्फ नव्हता."

सगळ्यात बहार यायची ती झारच्या नवरी बघण्याच्या गोष्टीला. झार लग्नाचा झाला की मुलुखभर हुकूम सुटायचा, की उपवर मुली घेऊन या. शेकड्यांनी मुली यायच्या. सुईणी त्यांना तपासायच्या, दात बघायच्या, उंची बघायच्या, गाळता गाळता मोजक्या मुली उरल्या की झार स्वतः यायचा आणि जी पसंत पडेल तिच्या हातात रुमाल आणि अंगठी द्यायचा. त्या क्षणापासून तिचा बाप मोठा माणूस, भाऊ मोठे माणूस, आणि दरबारातल्या बाकीच्यांच्या पोटात आग.

"शेकड्यांनी पोरी?" आत्याच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "मंग पोहे किती भिजवले असतील गं!"

आई हसता हसता खाली बसली होती, मला अजून दिसते.

आता पुढची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण माझं सगळं तिच्यात अडकलेलं आहे. एका झारनं पसंत केलेली मुलगी वाड्यात आली, तिथली मिठाई जास्त खाल्ली आणि तिला उलट्या झाल्या. दरबारातल्या दोघा भावांना ते घराणं वर यायला नको होतं. त्यांनी उठवलं की हिला असाध्य रोग आहे, हिला मूल व्हायचं नाही. मुलगी आईबापांपासून तोडून सैबेरियात पाठवली. पुढं त्याच झारच्या मुलाची वेळ आली. त्यानं पसंत केलेल्या मुलीला वाड्यातल्या बायकांनी नटवलं आणि तिची वेणी इतकी आवळून घातली, की राजासमोर उभी राहताच ती चक्कर येऊन पडली. लगेच ओरडा झाला, हिला फेफरं येतं, हे बापानं लपवलं! तीसुद्धा सैबेरियात. "बापाच्या येळी पोट नडलं, पोराच्या येळी डोस्कं," आत्या म्हणाली. मी मात्र पेटून उठलो होतो. सतरा वर्षांचा होतो मी. त्या दरबारी लोकांना धरून बडवावं असं मला खरोखर वाटायचं. अक्का म्हणाली, "थांब, अजून संपली नाय गोष्ट. त्या पहिलीची पुढं चौकशी झाली—" पण तेवढ्यात दादांच्या सायकलची घंटी वाजली, मी दार उघडायला पळालो आणि शेवट ऐकायचा राहून गेला. परत विचारला नाही. वाईट लोक कोण हे कळलं होतं, मला तेवढं पुरेसं होतं.

त्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी अक्कानं दोन्ही मुलींच्या कहाण्या एकत्र करून एकांकिका लिहिली आणि आमचं घर अक्षरशः उलटंपालटं झालं. पुढच्या खोलीतली पोती सरकवून तालमी सुरू झाल्या. नवरी अक्का होती, आणि मुलींचं नाटक म्हणून झारही मुलगीच. तिच्या दाढीसाठी आत्यानं देवगावहून अंबाडीचा वाख मागवला आणि चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केला. रशियन राण्या कपाळावर उंच, अर्धगोल मुकुटासारखं काहीतरी बांधायच्या. चित्र बघून आई म्हणाली, "अगं, हे तर बाशिंग!" आणि गुलमंडीच्या बाजारातून खरोखरच लग्नाची बाशिंगं आणून, त्यांच्या मुंडावळ्या काढून, वर मोती चिकटवले. खालांनी दोन हिमरूच्या शाली दिल्या. देताना मला बजावलं, "संभाल के रे दिनू. मेरे सास के हाथ के हैं. दाग पडा तो तेरेकूच रशिया भेजती मैं." शेवटचे सात दिवस तालमी कॉलेजात होत्या, तेव्हा रोज मी त्या शाली नेल्या आणि आणल्या, एखाद्या तान्ह्या मुलासारख्या. मला काम मिळालं होतं पडद्याच्या दोरीचं. त्या दोरीएवढी महत्त्वाची वस्तू मला पुढं आयुष्यात कुणी हातात दिली नाही.

याच दिवसांत घरात आणखी काहीतरी शिजत होतं. किसनमामा, आईचे चुलतभाऊ, ते सोयरिकी जुळवायचे, त्यांच्या खेपा वाढल्या. जालन्याचं स्थळ होतं. मुलगा शेतकी खात्यात होता. एकदा तो मामांबरोबर येऊन चहा पिऊन गेला. उंच, सावळा, कमी बोलणारा. जाताना अक्काच्या त्या जाड पुस्तकाकडे बघून त्यानं विचारलं होतं, "हे सगळं वाचलं तुम्ही?" आणि अक्का म्हणाली होती, "दोनदा." एवढंच त्यांचं बोलणं. त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना मुलगी बघायची होती, पण मुलानं म्हणे सांगितलं की तिला चारचौघांत बसवून प्रश्न विचारायचे नाहीत. तेव्हा असं ठरलं की त्यांनी स्नेहसंमेलनाला येऊन प्रेक्षकांत बसून मुलगी बघावी. त्या काळी असं चालायचं. देवळात, लग्नात, गर्दीत लांबून बघायचं, म्हणजे नकार आला तरी कुणाची मान खाली जात नसे.

मला हे कळलं आणि मी हादरलोच. माझ्या डोक्यात एकच, की अक्काला तेरेममध्ये कोंडायला निघालेत. तिनंच रोज ओरडून सांगितलं होतं ना त्या बायकांचे हाल? मग तिला लग्न कसं हवं असेल? ती एम. ए. करणार, पुस्तकं लिहिणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ती त्या दिवसांत भाकरी थापताना गुणगुणायची, ते मला तालमीचं वाटलं. तिनं नवी फीत आणली, ती मला नाटकासाठी वाटली. मुलग्यांना घरात कुणी काही सांगत नाही हे खरं, पण मीही कुणाला काही विचारलं नाही. आईला विचारलं असतं तरी आई म्हणाली असती की पोरीनं व्हय म्हणलंय.

प्रयोगाचा दिवस! अजूनही लिहिताना हात गरम होतात. हॉल खच्चून भरलेला, मागे मुलं खिडक्यांवर चढलेली, कनातीचा वास, हार्मोनियमवाल्याचं उगाच एक सूर धरून बसणं. पडद्याच्या फटीतून मी पाहुणे हेरले. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीवर तो, पांढऱ्या बुशशर्टमध्ये. त्याच्याशेजारी किसनमामा आणि डोक्यावर घट्ट पदर घेतलेली त्याची म्हातारी आत्याबाई. आत, विंगेत, अक्काच्या मैत्रिणीनं लांब रशियन वेणीसाठी गंगावन बांधलं होतं. "सुटलं तर माझी फजिती व्हईल," म्हणत तिनं असं आवळलं की अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, खरंच पडंन ना मी," अक्का म्हणाली. "पड की, पडायचंच हाय तुला," मैत्रीण म्हणाली, आणि त्या दोघी हसत सुटल्या. मी दोरी ओढली.

मग झार आला, वाखाची दाढी कुरवाळत. मुली ओळीनं उभ्या. रुमाल आणि अंगठी अक्काच्या हातात पडली. ती एक पाऊल पुढं आली, हिमरूची शाल दिव्यात चमकली, तिनं हात कपाळाकडे नेला आणि पडली. कशी पडली! आधार न शोधता, झाड पडावं तशी. फळ्यांवर धप्प आवाज झाला. सगळ्या हॉलचा श्वास अडकला. मी दोरी सोडून धावणारच होतो, तेवढ्यात अक्कानं विंगेच्या बाजूचा एक डोळा उघडून मला मिचकावला. आणि त्याच वेळी मी पाहिलं, तिसऱ्या रांगेत तो उभा राहिला होता. एक हात पुढं, जणू तिथूनच तिला धरणार. मी पडदा पाडला, टाळ्यांचा पाऊस सुरू झाला, पडदा पुन्हा वर गेला, अक्का हसत वाकून नमस्कार करत होती, लोक बसले, आणि तो उभाच होता. उभा राहून टाळ्या वाजवत होता, हात डोक्याच्या वर नेऊन. अक्काच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता. तिला पुढच्या रांगासुद्धा दिसत नव्हत्या.

बाहेर आलो तेव्हा मी जमिनीवर नव्हतोच. फाटकाजवळ किसनमामांनी मला हाक मारली. आत्याबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. तो थोडा लांब चहा आणायला गेला होता.

"नाटक लई भारी झालं, दिनू," मामा म्हणाले. "पोरगी त्यांना पसंत हाय. फकस्त आत्याबाईंच्या मनात एक शंका आली. म्हणजे काय की—"

"मी इचारते," आत्याबाई पुढं झाल्या. त्यांनी माझी हनुवटी धरली. "लेकरा, देवाची आण घिऊन सांग. ती पडली, ते सोंग होतं ना? का घरी बी कधी अशी पडती?"

मामा हसले. त्यांना उत्तर ठाऊकच होतं. मलाही ठाऊक होतं. पण त्या एका क्षणात मला असं वाटलं की नियतीनं माझ्या हातात दुसरी दोरी दिली आहे. ओढली की पडदा पडेल, अक्का सुटेल.  हेच मला सगळ्यात जास्त खातं, की ते बोलताना मी आनंदात होतो.

"व्हय," मी म्हणालो. "कधीमधी पडती. घरात बोलत नायत."

मामांचं हसू मावळलं. आत्याबाईंनी हनुवटी सोडली आणि म्हणाल्या, "बघ किसना. मी म्हणलं नव्हतं? असा धप्प आवाज सोंगाचा नसतो." तो चहाचे पेले सांभाळत येत होता. एक पेला त्यानं मला दिला. मी प्यायलो.

चार दिवसांनी मामा आले, टेकले न टेकले, आणि पत्रिका जुळत नाही म्हणाले.  पुढं कन्नड गावच्या एका लग्नात कुणीतरी आत्याला हळूच विचारलं, की सुमनची फिट आता कशी आहे, तेव्हा घरात कळलं की झालं काय; मामांनी माझं नाव घेतलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना वाटलं की नाटकातलं पडणंच पाहुण्यांना खरं वाटलं. आत्या तिथं अशी कडाडली की मांडव गप्प झाला, पण बोल पसरला तो पसरला. नंतर आलेली दोन स्थळं दारातूनच फिरली. आई त्या वर्षात म्हातारी झाली. अक्का दोनतीन दिवस मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. मग उठली, परात घेतली आणि थापायला बसली. रशियाची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही. समोरच्या दारातून खालांनी एकदोनदा विचारलं, मग त्यांनीही सोडून दिलं.

अक्का खुलताबादच्या शाळेत शिक्षिका झाली. रोज एस. टी.नं घाट चढून जायची, यायची. उत्तम शिकवायची, अजून तिचे विद्यार्थी रस्त्यात तिच्या पाया पडतात. लग्न झालं नाही. आणि ती दुःखी राहिली असंही मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. तिनं त्या प्रसंगाची एक गोष्ट करून टाकली होती. दर दिवाळीला, फराळ पुढ्यात आला की, ती नव्या सुनांना आणि नातवंडांना सांगायची, "मी अशी पडले, अशी पडले, की आलेलं स्थळ जालन्यापर्यंत पळत गेलं! एवढी मोठी नटी होते मी!" सगळे हसायचे. मीही हसायचो. 

या वर्षी माझ्या नातीच्या, सईच्या शाळेत काहीतरी ऐतिहासिक बसवायचं निघालं आणि तिनं सरळ अक्काला गाठलं. आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये पुन्हा बाशिंगं आली, पुन्हा हसणं, पुन्हा धावपळ. अक्का माझ्याकडेच राहते आता. शहात्तराव्या वर्षी ती सोफ्यावर पडून मुलींना दाखवत होती, की गुडघे आधी वाकवायचे नाहीत. एकीनं सईची वेणी आवळली तेव्हा अक्कानं तिचा हात धरला. "सैल कर. नाटकात पडायचं असतं, बाई." मग मुलींना तिनं गोष्टीचा शेवट सांगितला, जो मी त्या संध्याकाळी ऐकला नव्हता. त्या पहिल्या मुलीची पुढं चौकशी झाली. डॉक्टर पाठवले, मुलगी ठणठणीत निघाली. खोटं बोलणाऱ्या भावांना दरबारातून हाकललं. "मग तिचं लग्न झालं झारशी?" सईनं विचारलं. "नाय," अक्का म्हणाली. "झारच्या आईला ती नकोच होती. खरं काय ते लिहून ठेवलं, आणि झारनं दुसरी केली."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. फाटक, आत्याबाई, हनुवटी, "व्हय, कधीमधी पडती." तिला मी का बोललो तेही सांगितलं, पण ते सांगताना माझंच मला ऐकवेना.

 मी तिच्या रडण्याची, ओरडण्याची तयारी ठेवली होती. ती म्हणाली ते भलतंच.

"म्हणजे मी चांगली पडले नव्हते?"

माझ्या लक्षात आलं की मी तिच्याकडून हेही काढून घेतलं. पन्नासाहून जास्त वर्षं तिनं त्या नकाराची एक शाबासकी करून जवळ ठेवली होती.

"पडलीस गं अक्का," मी घाईनं म्हणालो. "सगळा हॉल फसला होता. जालन्याचा तो तर उभाच राहिला."

तिचे हात थांबले. "कोण उभा राहिला?"

"तोच. तू पडलीस तेव्हा घाबरून उभा राहिला. मग तू उठलीस, सगळे खाली बसले, तरी तो उभा राहून टाळ्या वाजवत होता. हात असे वर करून."

"मला दिवे होते डोळ्यांवर," ती म्हणाली.

"व्हय."

"तू बघितलंस हे?"

"व्हय."

तिनं मेथीची जुडी परातीत ठेवली. "खोटं बोललास, ते पोरवयात बोललास," ती म्हणाली. "पण दिन्या, हे तर खरं होतं ना रं? हे तरी द्यायचं मला. मागच्या खोलीत होते ना मी तीन दिवस? दारातून एवढंच म्हणायचं होतंस. तो उभा राहिला होता."

  त्या संध्याकाळी मी केलेला चहा तिनं घेतला नाही. रात्रीच्या जेवणाला आली, सईशी बोलली, माझ्याशी नाही. दोन दिवसांनी मी लिहायला बसलो तर ती मागून आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ते लिहितोयस?"

"व्हय."

"तू काय बोललास ते लिही. आत्याबाईंचं नाव घालू नको, म्हातारी भोळी होती. पण ते दुसरं नीट लिही. कुठं, कसं, समदं."

म्हणून लिहितो. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीपुढे, पांढऱ्या बुशशर्टमध्ये, सगळे बसल्यानंतरही, तो उभा राहिला होता.